लोणारच्या विवरातली पायी फेरी: स्थानिक मार्गदर्शकासोबत केलेल्या निसर्गभ्रमंतीचे परीक्षण

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला येणारे बहुतेक पर्यटक उल्का आदळून झालेल्या विवराच्या काठावर गाडी लावतात, कठड्यापाशी उभे राहून खालच्या हिरवट पाण्याची छायाचित्रे घेतात, गावातले दैत्यसूदन मंदिर पाहतात आणि तासा-दीड तासात शेगावची किंवा जालन्याची वाट धरतात. एवढ्या लांबून येऊन लोणारची इतकी थोडी ओळख करून घेणे मला फार हळहळण्यासारखे वाटते. विवराच्या आत उतरणारी, झाडीतून आणि पडझड झालेल्या मंदिरांजवळून जाणारी आणि सरोवराच्या काठाने फिरणारी एक सुंदर पायवाट आहे, आणि त्या वाटेवर सोबत येणारे गावातलेच मार्गदर्शक उपलब्ध आहेत. या सेवेचा अनुभव आम्ही नुकताच घेतला. तिच्यात काही उणिवा आहेत आणि त्या मी पुढे लिहिणार आहे, तरीही लोणार समजून घ्यायचे असेल तर ही फेरीच करायला हवी, आणि ती जाणत्या माणसासोबतच करायला हवी, असे माझे ठाम मत झाले आहे.

ही सेवा म्हणजे एखादी मोठी पर्यटन कंपनी नव्हे. लोणारचे काही तरुण आणि काही अनुभवी मंडळी वर्षानुवर्षे हे काम करतात. काहींनी अभ्यासकांच्या पथकांबरोबर विवर पालथे घातलेले आहे, तर काहींनी ऐकीव माहितीवर सुरुवात करून पुढे वाचनाने तिच्यात भर घातली आहे. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या संध्याकाळी सांगून ठेवले की सकाळसाठी माणूस ठरवून मिळतो. मोबदला आधीच बोलून घ्यावा, आणि तो बोलताना पूर्ण फेरी हवी की अर्धी, हेही स्पष्ट करून घ्यावे, कारण पुढचा सगळा अनुभव या एका गोष्टीवर अवलंबून असतो. आमच्यासोबत माझी नणंद आणि तिचा बारा वर्षांचा मुलगा होता. त्यामुळे चालण्याचा वेग बेताचा असावा आणि मुलाच्या प्रश्नांना उत्तरे मिळावीत, एवढीच आमची अपेक्षा होती. ती पुरेपूर पूर्ण झाली.

फेरीची सुरुवात होते ती धारेपाशी. विवराच्या ईशान्येला काठ जिथे कापला गेला आहे, तिथे गोमुखातून बारमाही पाणी पडते. गावकरी या जागेला धारच म्हणतात. भाविक इथे स्नान करतात, आजूबाजूला जुन्या देवळांचा समूह आहे आणि पायऱ्यांवर सकाळपासूनच वर्दळ असते. आमचे मार्गदर्शक मात्र स्नानाच्या कुंडापाशी फार रेंगाळले नाहीत. त्यांनी आम्हाला थोडे पुढे, जिथून संपूर्ण वाटोळा काठ एका नजरेत येतो अशा जागी उभे केले आणि आधी फक्त बघायला सांगितले. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते वर्तुळ, त्याच्या तळाशी साधारण 1.2 किलोमीटर रुंदीचे पाणी, काठापासून तळापर्यंतची दीडशे मीटरच्या आसपासची खोली आणि सगळीकडून आत उतरत गेलेली गर्द झाडी पाहून झाल्यावर त्यांनी काठाच्या बाहेरच्या शेतांकडे बोट दाखवले. काठ आसपासच्या जमिनीपेक्षा वर उचललेला आहे, ही गोष्ट तोवर आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. नुसता खड्डा पडला असता तर कड जमिनीच्या पातळीत राहिली असती. इथे मात्र आघाताने खालचे थर वर ढकलले गेले आणि बाहेर उडालेला दगडमातीचा राडा काठाभोवती साचला. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट डोळ्यांनी पाहताना फार वेगळी वाटते.

उतरण सुरू झाल्यावर या सेवेचे खरे मोल कळू लागले. वाट काही ठिकाणी बांधीव पायऱ्यांची आहे, पण पुढे ती सुट्या मुरमाची होते आणि पावसाळ्यानंतर तिच्यावर गवत माजते. एका वळणावर मार्गदर्शक थांबले आणि म्हणाले, "भाऊ, इथं पाय जपून ठेवा, मुरूम सुटा हाये, अन् थांबलेच आहात तर हा दरडीतला दगड पाहा." दरडीत काळ्या बसाल्टचे थर दिसत होते, मधूनच तांबूस मातीचा पट्टा जात होता आणि हे थर सपाट नसून काठाच्या दिशेने, म्हणजे विवराच्या बाहेरच्या बाजूला कललेले होते. सह्याद्रीच्या कोणत्याही घाटात हेच थर आडव्या रेषेत एकावर एक रचलेले दिसतात. दख्खनचे हे दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे आहेत आणि ते थिजले तेव्हा सपाटच पसरले होते. ते कलले नंतर, एका क्षणात, बाहेरून आलेल्या आघाताने. हे समजावताना मार्गदर्शकांनी एकही अवघड शब्द वापरला नाही. स्वतःचा तळहात आधी आडवा धरला, मग बोटे वर उचलून तिरका केला, आणि तेवढ्यावर भाच्याला सगळे कळले.

इथे एका मुद्द्यावर मात्र मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण लोणारला ही चूक फार सर्रास होते. पुष्कळ मार्गदर्शक खिशातून लोहचुंबक काढतात, वाटेवरच्या एखाद्या दगडाला चिकटवून दाखवतात आणि हा उल्केचा तुकडा आहे असे सांगतात. बघणारा थक्क होतो, छायाचित्र घेतो आणि तीच गोष्ट घरी जाऊन सांगतो. वस्तुस्थिती अशी आहे की दख्खनच्या बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहयुक्त खनिज असतेच. पुण्यातल्या किंवा नाशिकमधल्या एखाद्या टेकडीवरच्या काळ्या दगडालाही चुंबक कमी-अधिक ओढ दाखवतो. अशा प्रचंड वेगाने येणारी उल्का आदळताना जवळजवळ पूर्णपणे वितळते आणि तिची वाफ होते, त्यामुळे तिचे मोठे तुकडे वाटेवर पडलेले मिळण्याची अपेक्षाच धरू नये. लोणारचा खरा पुरावा याहून सूक्ष्म आहे. सरोवराच्या तळाशी भोके पाडून काढलेल्या दगडांमध्ये मॅस्केलिनाइट नावाचा काचेसारखा पदार्थ सापडला. दगडातले फेल्डस्पार हे खनिज आघाताच्या धक्क्याने, वितळण्याआधीच, काचेत बदलते तेव्हा तो तयार होतो आणि ज्वालामुखीच्या उष्णतेने तो असा बनत नाही. 1973 मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि लोणारचे विवर ज्वालामुखीचे की उल्केचे, हा जुना वाद त्याने मिटवला. आमच्या मार्गदर्शकांनी चुंबक दाखवला खरा, पण भाच्याने विचारताच तो साध्या बसाल्टलाही चिकटतो हे त्यांनी मान्य केले आणि मॅस्केलिनाइटचे नावही घेतले. अशी प्रामाणिक माणसे या कामात असणे फार महत्त्वाचे आहे. चुंबकाचा खेळ पूर्ण बंद करून तोच वेळ कललेल्या थरांना दिला, तर ही फेरी आणखी चांगली होईल.

वयाबाबतही तसेच. लोणार पन्नास हजार वर्षांपूर्वीचे आहे, हे वाक्य इथे सगळ्यांना पाठ आहे. तो अंदाज एका विशिष्ट पद्धतीने काढलेला आणि बराच काळ मान्य असलेला आहे. परंतु आघातात वितळलेल्या दगडांचे आर्गॉन पद्धतीने, म्हणजे दगडात साठलेल्या आर्गॉन वायूवरून, केलेले मोजमाप 2011 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातून 5,70,000 वर्षे असे उत्तर आले, तेही 47,000 वर्षे इकडे-तिकडे धरून. दोन आकड्यांमध्ये दहापटीहून अधिक अंतर आहे. पर्यटकांना दोन्ही आकडे सांगावेत आणि ते कशावरून काढले हेही सांगावे, असे मला वाटते. शास्त्र कसे काम करते हे मुलांना समजायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

तळाशी पोहोचलो की हवा बदलते. वर वारा असतो. खाली दमट ऊब आणि पाण्याचा एक उग्र, कुजका वास असतो. पहिल्यांदा येणाऱ्याला तो नकोसा वाटतो, पण या वासामागेही कारण आहे आणि ते मार्गदर्शकांनी पाण्याकाठी उभे राहूनच सांगितले. या सरोवरात पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी येते, परंतु बाहेर जायला वाट नाही. आलेले पाणी उन्हाने उडून जाते आणि दगड झिजून त्यात उतरलेले क्षार मागे राहतात, वर्षानुवर्षे साचत जातात. त्यामुळे हे पाणी नुसते खारट नसून तीव्र क्षारधर्मी आहे. त्याचा सामू, म्हणजे आम्ल-क्षारतेचे माप (pH), दहाच्या आसपास असतो. त्या पाण्यात वाढणारी निळी-हिरवी शेवाळे त्याला रंग देतात, ती कुजली की वास येतो आणि वाऱ्याने ढवळलेला फेस काठाला साबणासारखा साचतो.

आणि इथेच मार्गदर्शकांनी या सकाळची सर्वांत छान गोष्ट केली. पिशवीतून एक कागदाची पुडी काढली, त्यातली हळद टिपकागदावर चोळली आणि तो पिवळा कागद भाच्याच्या हातात देऊन पाण्यात बुडवायला सांगितला. कागद बाहेर आला तो तांबडा होऊन. नणंदेने चटकन ओळखले की घरोघरी कुंकू करताना हळदीत चुना घातल्यावर हेच होते, आणि मार्गदर्शकांनी तोच धागा पकडून क्षार म्हणजे काय ते समजावले. रसायनशास्त्राच्या तासाला जी गोष्ट फळ्यावर राहते ती इथे एका मुलाच्या बोटांवर उमटली. कागद त्यांनी परत घेतला, पिशवीत ठेवला आणि काठावर काही टाकायचे नाही हे शांतपणे सांगितले. अशी साधी, स्वस्त आणि अचूक प्रात्यक्षिके प्रत्येक मार्गदर्शकाने शिकून घ्यायला हवीत.

या क्षारांना मोठा इतिहासही आहे. अकबराच्या काळातल्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात या प्रदेशातल्या डोंगरांत काच आणि साबण करण्यासाठी लागणारा माल मिळतो, असा उल्लेख आहे. पुढे निजामाच्या काळातही इथल्या क्षारांना मागणी होती आणि त्यांच्या प्रतींना डल्ला, पापडी, भुस्की अशी नावे होती. ही नावे मार्गदर्शकांनी सांगितली तेव्हा मला विशेष आनंद झाला, कारण उल्केच्या गोष्टीखाली माणसांच्या कष्टाची ही गोष्ट नेहमी दबून जाते. 1823 मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली, एवढे सगळे सांगतात. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून इथले लोक उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर चिखलातून क्षार गोळा करत होते, हे सांगणारे थोडे.

सरोवर 2020 च्या जून महिन्यात गुलाबी झाले होते, याची आठवण बहुतेकांना असेल. त्या वेळी अनेक तर्क लढवले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हा रंग हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या गुलाबी रंगद्रव्यामुळे आल्याचे दाखवून दिले. पाणी कमी होऊन क्षारता वाढली की ते फोफावतात. पाऊस झाला, पाणी वाढले आणि रंग पुन्हा हिरवट झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्राला मिळालेला हा दुसरा मान आहे. परिसर 2000 सालापासून वन्यजीव अभयारण्य आहेच.

आता मंदिरांविषयी. विवराच्या आत आणि उतारांवर विखुरलेली ही देवळे उत्तर चालुक्य आणि यादव काळातली आहेत. सरसकट हेमाडपंती म्हणून ओळखली जातात. रामगया, शंकर-गणेश, मोर महादेव, अंबरखाना, वाघ महादेव अशी त्यांची नावे वाटेत एकामागून एक येत जातात. काहींची शिखरे नाहीत, काहींचे सभामंडप अर्धे ढासळले आहेत, खांबांमधून वडा-पिंपळाची मुळे उतरली आहेत आणि आतल्या काळोखात वटवाघळे लोंबकळतात. एका देवळाच्या दारापाशी मार्गदर्शकांनी आम्हाला उंबऱ्याजवळचे कोरीव काम दाखवले, दगड दगडावर कसा बसवला आहे हे दाखवले, आणि आत टॉर्च मारू दिला नाही. वटवाघळांना त्रास होतो, एवढेच कारण त्यांनी दिले. देवळाचा, प्राण्याचा आणि पाहुण्याचा असा तिहेरी विचार करणारा माणूस सोबत असणे हे या सेवेचे मोठे बलस्थान आहे. महानुभाव पंथीयांसाठी लोणार चक्रधरस्वामींच्या वास्तव्यामुळे पवित्र आहे आणि लीळाचरित्रात या गावाचा उल्लेख येतो. तोही मार्गदर्शकांनी न विचारता सांगितला.

काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिरात मात्र आजही पूजाअर्चा चालते आणि नवरात्रात यात्रा भरते. या मंदिरासमोर सासू-सुनेची विहीर म्हणून एक जागा आहे. तिचे एका बाजूचे पाणी गोडे आणि दुसऱ्या बाजूचे खारे असे सांगतात. आम्ही गेलो तेव्हा सरोवराची पातळी वर असल्याने ती पाण्याखाली होती आणि काठाची वाटही काही टप्प्यांत बुडालेली होती. तिथे मार्गदर्शकांनी आम्हाला झाडीतून वरच्या अंगाने वळसा घालून नेले. एकटे गेलेल्या पर्यटकाला ही पर्यायी वाट सापडणे कठीण आहे. चिखल वरून कोरडा दिसतो, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जातो, आणि घाईघाईने पाण्याकडे धावणारे लोक तिथेच फसतात.

झाडांची आणि पक्ष्यांची माहिती देण्यात आमचे मार्गदर्शक तुलनेने थोडे कमी पडले, तरी जे सांगितले ते खरे सांगितले. वरच्या उतारावर साग, पळस, कडुनिंब आणि सीताफळ. खाली उतरत गेलो की चिंचेची जुनी, मोठ्या बुंध्यांची झाडे. आणि पाण्याजवळ बाभळी, असा क्रम त्यांनी दाखवला. वेडी बाभूळ इथे बाहेरून आलेली आहे, ती बाकीच्या झाडांना वाढू देत नाही, हेही सांगितले. धारेच्या पाण्याने वाहून आणलेल्या गाळावर विवराच्या आत एके काळी केळी-पपईची शेती होत असे. आता ती जागा झाडीने परत घेतली आहे. मोरांचे ओरडणे सतत कानावर येत होते. वानरांची टोळी चिंचेवर होती, पाण्याच्या उथळ कडेला शेकाटे लांब लाल पायांवर चालत होते आणि टिटव्या आमच्या आगमनाची वर्दी सगळ्या विवराला देत होत्या. हिवाळ्यात चक्रवाक येतात. पक्षिनिरीक्षण हाच मुख्य हेतू असेल तर स्वतःची दुर्बीण न्यावी आणि मार्गदर्शक ठरवतानाच पक्षी ओळखणारा माणूस मागून घ्यावा. आमच्या मार्गदर्शकांकडे दुर्बीण नव्हती. या कामात ती असायला हवी.

उणिवांपैकी सर्वांत मोठी उणीव ही की मार्गदर्शक म्हणून जो माणूस मिळतो त्याच्यावर सगळे अवलंबून आहे. याआधी एकदा आम्ही शहरातून ठरवलेल्या एका सामूहिक सहलीबरोबर इथे आलो होतो. चाळीसएक माणसांना एकच मार्गदर्शक होता, पुढच्या दहा जणांना त्याचे बोलणे ऐकू येई, मागच्यांपैकी कोणी मोबाईलवर गाणी लावली होती आणि कमळजा देवीपर्यंत जाऊन सर्वांना घाईने परत फिरवले गेले. विवराची फेरी झाली असे त्या सहलीच्या पत्रकात छापले होते. प्रत्यक्षात पाव फेरीही झाली नव्हती. मंदिरे, दगड आणि पाणी तेच, वाटही तीच, पण त्या दिवशी आम्ही लोणार पाहिले असे मला म्हणवत नाही. एका मार्गदर्शकामागे आठ-दहा माणसांपेक्षा जास्त नसावीत, असा नियमच व्हायला हवा. अभयारण्य असल्यामुळे तो करणे अवघडही नाही.

दुसरी उणीव सोयींची आहे. खाली उतरल्यावर पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह किंवा बसायला सावलीची बांधीव जागा मिळेल असे धरून चालू नये. जंगलाच्या आत बांधकामे व्हावीत असे मी मुळीच म्हणणार नाही, पण निदान धारेपाशी, उतरण्याच्या आधी, स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह असणे ही किमान अपेक्षा आहे. मंदिरांजवळच्या माहितीफलकांवरचा मजकूर अगदी त्रोटक आहे आणि काही फलक उन्हाने पुसट झाले आहेत. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पूजासाहित्याच्या पिशव्या उतारावर दिसतात. आमचे मार्गदर्शक वाटेतल्या काही बाटल्या उचलून स्वतःच्या पिशवीत टाकत होते. त्यांच्या या कृतीचा मला फार आदर वाटला, परंतु ही जबाबदारी एकट्या माणसाची असू नये.

कोणी ही फेरी करावी, याचेही थोडे बोलायला हवे. उतरणे सोपे वाटते, परत चढताना दम लागतो. सरोवराभोवतीची पूर्ण फेरी चार किलोमीटरच्या आसपास भरते आणि तीत उतरणे-चढणे, थांबणे, ऐकणे हे सगळे धरले तर सकाळचे चार ते पाच तास सहज जातात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्या वडीलधाऱ्यांनी धारेपर्यंत यावे, काठावरून दृश्य पाहावे आणि गावातल्या दैत्यसूदन मंदिरात निवांत वेळ घालवावा. दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना ही फेरी अतिशय आवडते. त्याहून लहान मुलांना अर्धीच करवावी. पायात चांगली पकड असलेले बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी लागतेच. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्याच्या शेवटी हिरवाई डोळे निववते, पण वाट निसरडी असते. एप्रिल-मेमध्ये विदर्भाचे ऊन विवराच्या तळाशी कोंडलेले असते, त्यामुळे तेव्हा जायचेच असेल तर उजाडताच उतरून नऊच्या आत वर यावे. पाण्यात उतरू नये आणि दगड उचलून आणू नयेत. दुसरी गोष्ट आमच्या मार्गदर्शकांनी भाच्याला विशेष जपून सांगितली, कारण त्याचा एक खिसा तोवर जड झाला होता. त्याने सगळे खडे होते तिथे परत ठेवले.

दैत्यसूदन मंदिर या पायी फेरीचा भाग नसले तरी ते त्याच दिवशी, फेरी झाल्यावर पाहावे. पुराणातल्या कथेप्रमाणे लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखालच्या गुहेत लपून राहत होता. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन पायाच्या अंगठ्याने त्या गुहेवरचे झाकण उडवले आणि दैत्याला मारले. विवर म्हणजे ती उघडी पडलेली गुहा आणि क्षार म्हणजे त्याच्या देहाचे अवशेष, अशी श्रद्धा आहे. मंदिराच्या छतावर आणि भिंतींवर याच कथेतले आणि इतर अवतारांचे प्रसंग अतिशय बारकाईने कोरलेले आहेत. सकाळी खाली तो खारा चिखल पाहिलेला असला आणि नंतर इथे मान वर करून ते शिल्प पाहिले, की शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांनीही याच खड्ड्याकडे बघून तो कसा झाला असेल हा प्रश्न स्वतःला विचारला होता, हे जाणवते. मार्गदर्शकांनी कथा आणि भूशास्त्र यांची गल्लत केली नाही, एकाला दुसऱ्याचा पुरावा म्हणून वापरले नाही, आणि कोणाच्याही श्रद्धेला धक्का लागेल असेही बोलले नाहीत. हा तोल सांभाळणे सोपे नाही.

वेळ उरला तर मुख्य विवरापासून साधारण सातशे मीटरवर असलेल्या अंबर तळ्याकडे जावे. मुख्य उल्केचाच एक तुकडा तिथे पडला असावा असे काही अभ्यासक मानतात, सगळे मानत नाहीत. त्याच्याजवळ आडव्या, निजलेल्या मारुतीचे देऊळ आहे. आमच्या ठरलेल्या मोबदल्यात ही जागा धरलेली नव्हती. तरीही मार्गदर्शक स्वतःहून आले आणि जादा पैसे घ्यायला त्यांनी संकोच केला. आम्ही ते दिलेच, आणि जाणाऱ्यांनी तसे द्यावेत, कारण पाच तास चालून, बोलून, तीच गोष्ट प्रत्येकाला नव्याने समजावणाऱ्या माणसाला इथे मिळणारा मोबदला त्याच्या ज्ञानाच्या मानाने कमी आहे. मुक्काम करायचा झाल्यास आदल्या दिवशी दुपारपर्यंत लोणारला पोहोचावे. जालन्याकडून येणाऱ्यांना वाटेत सिंदखेड राजा लागते आणि जिजाऊंचे जन्मस्थळ पाहून संध्याकाळी विवराच्या काठावर येता येते. मार्गदर्शक त्याच संध्याकाळी ठरवावा, पूर्ण फेरी, लहान गट आणि पहाटेची वेळ या तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्याव्यात आणि सुटीचा दिवस शक्यतो टाळावा, कारण रविवारी धारेपाशी गर्दी फार असते आणि मोर तिथून लांब जातात.